काढलेला बोल्ट खिशात

दासगाव,
३ जानेवारी २०२५

भागोजीकाका,
सलाम.

शाळेत पत्राच्या वर 'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग' लिहायला शिकवलं होतं. मला ते तेव्हाही जमलं नाही, म्हणून सरळ सुरुवात करते. मी जलीलची माहरुख. दासगावचं हायवेवरचं टायरचं दुकान. तुम्ही विसरला नसणार, पण अब्बांच्या मय्यतीनंतर एकदा येऊन गेलात ते गेलातच. साडेतीन वर्षं झाली. म्हणून ओळख दिलेली बरी.

फोन करून उपयोग नाही हे माहीत आहे. तुमच्या सूनबाई, राजश्रीवहिनी, पोलादपूरच्या बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "आता डावा कानही गेला. मोबाईलवरचं वाचत नाहीत, म्हणतात अक्षरं पळतात. कागदावर लिही, कागद वाचतील." म्हणून हा कागद.

काम असं आहे. पनवेलला माझं आयटीआय झालं, मग दोन वर्षं तिथल्याच एका गॅरेजात काढली. आता परत आले आणि अब्बांचं दुकान उघडायचं ठरवलंय. हमजाभाई कुवेतहून फोनवर म्हणतो, "भंगारवाल्याला बोलाव, कॉम्प्रेसर उचलून नेऊ दे आणि जागा भाड्याने दे. पोरीच्या जातीने काय ट्रकचे टायर खोलायचे?" तो ईदला येतोय. तोवर कॉम्प्रेसर चालू झाला तर तो गप्प बसेल, नाही तर मला बसावं लागेल.

काल शटर उघडलं. शेजारचे अनिलदादा आणि त्यांची पहार दोन्ही लागले. आत गुडघाभर गाळ, सुकून दगड झालेला. भिंतीवर पुराची रेघ माझ्या डोक्याच्या दोन हात वर. कपाट नाही, टायर नाहीत. मागची भिंत पुरात गेली होती, तिथे अम्मीने नंतर पत्रे ठोकून घेतले तेवढेच. कॉम्प्रेसर मात्र जागच्या जागी उभा. लाल होता, आता मातीच्या रंगाचा झालाय. त्याचं मोठं चाक हलत नाही, टाकीखालचा कॉक गच्च आहे.

हा तुम्ही आणि अब्बांनी उभा केला होता. आता कुठून हात घालू ते सांगा. दुसरं कुणी सांगणारं राहिलेलं नाही.

तुमची,
माहरुख

०

कापडे,
११ जानेवारी

चि. माहरुख हिस,
सप्रेम जय भीम.

मी तुला विसरेन काय? चार वर्षांची होतीस तेव्हा ग्रीसच्या डब्यात हात घातलास आणि माझ्या पांढऱ्या लेंग्याला पुसलास. तो डाग अजून हाय. लेंगा जपून ठेवलाय असं समजू नको, दुसरा नाय म्हणून हाय.

माझं लिहिणं बोलण्यासारखं हाय, हसू नको. सातवी झाली आणि फॅक्टरीत फिटर लागलो. तिथं लिहायचं म्हणजे रजेचा अर्ज.

पहिली गोष्ट, लाईट जोडायची नाय. मी सांगीन तेव्हाच. दुसरी गोष्ट, टाकीखालचा कॉक सोडव. डिझेलात फडका भिजवून त्याला बांध, दोन दिवस हात लावू नको, मग पाना लाव. आतलं पाणी आणि चिखल निघाल्याशिवाय वरच्या कशालाच शिवायचं नाय. तिसरी गोष्ट, चाक. चाकावर जोर काढू नको. हेड, म्हणजे पिस्टनवरचं झाकण, उघड, पिस्टनवर डिझेल ओत आणि चार-पाच दिवस सोडून दे. नंतर लाकडाचा ठोकळा ठेवून हळू ठोकायचं. मशीन गंजलं म्हणजे मेलं नाय, रुसलेलं असतं.

आणि कायमची एक गोष्ट. काढलेला बोल्ट जमिनीवर ठेवायचा नाय, मशीनवर पण नाय. खिशात घालायचा. जलीललाही मी हेच शिकवलं होतं, आणि तो ते कधी विसरला नाय.

हे मशीन अठ्ठ्याण्णव साली आणलं. एमआयडीसीतली एक कंपनी बंद पडली, तिच्या आवारात पावसात पडून होतं. तुझा बाप बघून म्हणाला, "दादा, हे तर मढं हाय." मी म्हटलं, मला तीन रविवार दे. चौथ्या रविवारी आम्ही ट्रकात हवा भरली आणि दुकानात बसून तुझ्या आईने पाठवलेली सांदणं खाल्ली. माझे कान तेव्हा धड होते. त्याचा आवाज मला अजून आठवतो.

साजिदाला माझा नमस्कार सांग. मी परत आलो नाय याचा राग धरू नको म्हणावं.

तुझा,
भागोजीकाका

०

दासगाव,
२३ जानेवारी

भागोजीकाका,
सलाम.

कॉक सुटला. आधी काहीच आलं नाही, मग तार घालून ढवळलं तर काळा चिखल आला, त्यात गोगलगायीचे दोन शंख. सावित्री नदी अजून टाकीत बसली होती म्हणायची. सहाव्या दिवशी पिस्टन बोटभर हलला. मी एकटीच होते, चाकाला मिठी मारली आणि ओढणी काळी झाली. अम्मी म्हणाली, "बापाची लेक," आणि आत गेली.

अम्मी तुमच्यावर रागावलेली नाही. तिला तुमचं नाव काढलं की रडू येतं, एवढंच. म्हणते, "भागोजी रविवारचे यायचे तेव्हा हे घरी उशिरा आले तरी हसत यायचे."

एक विचारायचं आहे. टाकीवर जी पट्टी आहे, जिच्यावर मोटर बसते, तिथे मोटरचे चार बोल्ट असतात ना? त्यातले तीन नाहीत. भोकं रिकामी, आतले आटे धड. चौथा बोल्ट आहे, पण अर्धा वर आलेला आणि त्याचं डोकं पान्याने घासून गोल झालेलं. मोटर त्या एकावर तिरकी लटकली आहे. एवढ्या पुरात ती वाहून गेली नाही ती त्या एका बोल्टामुळे.

अनिलदादा म्हणतात, नंतर चोर शिरले असतील. पण तीन बोल्ट नेऊन मोटर ठेवून जाणारा चोर मी पाहिला नाही. बोल्ट कोणत्या मापाचे घ्यायचे ते कळवा. आणि तुम्हाला काय वाटतं तेही लिहा.

तुमची,
माहरुख

०

कापडे,
३० जानेवारी

चि. माहरुख हिस,
सप्रेम जय भीम.

पिस्टन हलला वाचून बरं वाटलं. राजश्रीला सांगितलं तर ती म्हणाली, तुम्ही मोठ्याने बोलताय, सगळ्या वाडीला कळलं.

बोल्टांचं मनावर घेऊ नको. पुरात काय काय जातं, त्याचा हिशोब कोण लावणार. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचे, नवीन घे चार. तो चौथा राहिलाय तो सोडवत बसू नको, सुटायचा नाय. ग्राइंडरने कापून टाक आणि फेकून दे. मोटर महाडला नेऊन दे, आतली तार काढून नवीन भरून देतात.

आता नीट वाच, जिवाची गोष्ट हाय. टाकी आतून गंजली असेल. पत्रा कुठं पातळ झालाय ते बाहेरून दिसत नाय. म्हणून तिची परीक्षा घ्यायची, पण हवेने नाय, पाण्याने. टाकी तोंडापर्यंत पाण्याने भर, आत हवेचा बुडबुडा ठेवू नको. मग प्लंबर लोक पाइपलाइन तपासतात तो हातपंप लाव आणि रोजच्या प्रेशरच्या दीडपट दाब दे. अर्धा तास काटा बघत बस. पाण्याने टाकी फाटली तर नुसती गळते. हवेने फाटली तर समोरच्या माणसाला घेऊन जाते.

हे केल्याशिवाय पुढं जायचं नाय. बाकी काही डोक्यात आणू नको, टाकीचं बघ.

तुझा,
भागोजीकाका

०

दासगाव,
१२ फेब्रुवारी

भागोजीकाका,

टाकी पास झाली. अर्धा तास काटा केसभर हलला नाही.

पण खरं सांगायचं तर ती भरायला मला तीन दिवस लागले. नळी लावायची, पाण्याचा आवाज आत घुमायला लागला की बंद करायची. त्या जागेत मी आपल्या हाताने पाणी भरतेय हे सहनच होईना. शेवटी अम्मी येऊन नळी धरून उभी राहिली. तिने तोंड भिंतीकडे केलं होतं.

काका, कुणाला न सांगितलेली गोष्ट तुम्हाला लिहिते. एकवीस सालच्या त्या बावीस जुलैला मी पनवेलच्या हॉस्टेलात होते. सकाळी नऊला मी अब्बांना फोन केला. माझी फाईल दुकानातल्या कपाटात खालच्या कप्प्यात होती, दहावीचा निकाल, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं. मी म्हटलं, "अब्बा, टीव्हीवर दाखवतायत पाणी वाढतंय, माझी फाईल भिजेल." ते म्हणाले, "आणतो गो, तू जीवाला घोर लावू नको." दुपारी मागची भिंत गेली. दोन दिवसांनी ते खाडीकडे सापडले. लोक म्हणतात, जलीलभाई दुकान बंद करायला गेले होते. अम्मीलाही तेच वाटतं. ते कशाला गेले होते ते मला एकटीला माहीत आहे. कागदांसाठी. जे कागद मला नंतर बोर्डाकडून दुसरे मिळाले.

दुकान उघडायचा हट्ट कशाला, असं हमजाभाई विचारतो. त्याला काय सांगू.

आता ऐका. परवा मी अम्मीला सहज तीन बोल्टांचं बोलले. ती उठली आणि ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. दवाखान्याने अब्बांच्या अंगावरच्या वस्तू दिल्या होत्या ती पिशवी. घड्याळ, चष्म्याची एक काडी, आणि तीन बोल्ट. पँटच्या उजव्या खिशात होते म्हणे. अम्मीला वाटलं होतं दुकानातलं काहीबाही असेल, म्हणून तशीच ठेवून दिली. मी ते बोल्ट नेऊन भोकांत फिरवले. पाना न लावता तिन्ही सरळ बसले.

तुम्ही म्हणालात पुरात गेले. पुरातले बोल्ट खिशात जात नाहीत, काका. काढलेला बोल्ट खिशात जातो.

म्हणजे फाईल घ्यायला गेलेले अब्बा मोटर काढत बसले होते. का? ते असे नव्हते. एकदा दुकानात शॉर्टसर्किट झालं तेव्हा सगळं टाकून पहिले बाहेर आलेले मी पाहिलंय. मला रात्रंदिवस एकच वाटतंय, मी फोन केला नसता तर ते तिथे गेलेच नसते. गेल्यावर मोटर दिसली असेल आणि हात घातला असेल. तुम्ही त्यांना जास्त ओळखायचात. तुम्हाला काही माहीत असेल तर लिहा.

माहरुख

०

कापडे,
१८ फेब्रुवारी

माहरुख,

मला माहीत हाय. मी पहिल्या दिवसापासून जाणून होतो. म्हणून तर परत आलो नाय.

त्या दिवशी सकाळी दहाला मी जलीलला फोन केला. माझा फोन कसा असायचा ते तुला ठाऊक हाय. डावा कान तेव्हा होता, पण फोनवर पलीकडचं काही कळायचं नाय, मी आपलं बोलून ठेवून द्यायचो. जलील म्हणायचा, दादाचा फोन म्हणजे रेडिओ. आमच्याकडे ओढे फुटले होते, डोंगराकडची माती खाली आली होती. मी ओरडून सांगितलं, "जलील, सावित्री चढणार. मोटर काढून माळ्यावर टाक. चारच बोल्ट हायत, दहा मिनिटांचं काम. मोटर बुडवू नको." पलीकडून तो काहीतरी बोलत होता, फोन हातात थरथरल्यासारखा लागत होता. काय बोलला ते मला कळलं नाय. कदाचित म्हणाला असेल, दादा, पाणी गुडघ्याला लागलं. कदाचित म्हणाला असेल, मी निघतो. मी दोनदा तेच सांगितलं आणि ठेवून दिला. त्याने माझा शब्द कधी मोडला नव्हता.

आता दुसरं ऐक. पाच सालच्या पुरात आम्ही दोघांनी ती मोटर अशीच काढली होती, खरोखर दहा मिनिटांत. तेव्हा एक बोल्ट मी जमिनीवर ठेवला. तो चिखलात गेला. माझ्या हातून गेला, त्याच्या नाय. परत बसवताना मी फॅक्टरीतला एक आणला. जाडी तीच, पण आटे निराळे. बसेना, तेव्हा पान्याला पाइप लावून जबरदस्तीने कसला. जलील म्हणाला, "दादा, हा उद्या सुटायचा नाय." मी म्हटलं, पुढच्या रविवारी बदलू. किती रविवार आले नि गेले बघ. वर त्यालाच नियम घालून दिला, काढलेला बोल्ट खिशात.

तीन बोल्ट त्याने काढले ते सरळ सुटले असतील. चौथ्याने त्याला धरून ठेवलं. तू त्याचं डोकं गोल झालंय म्हणून लिहिलंस ते वाचलं आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाय. किती वेळ झटला असेल. म्हणून तुला लिहिलं, कापून फेकून दे. ते दिसू नये म्हणून.

मी गप्पच राहिलो असतो. भेकड माणूस हाय मी. पण तू सगळं आपल्या अंगावर घेतलंयस हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्या फाईलसाठी तुझा बाप गेला नाय, पोरी. माझ्या मोटरसाठी गेला. तो भार तुझा नाय, खाली ठेव.

भागोजी

०

कापडे,
५ मार्च

चि. माहरुख हिस,
जय भीम.

तुझं पत्र नाय. पोस्टमन चांगू मला ऐकू येत नाय म्हणून लांबूनच दोन्ही हात हलवून नाय म्हणून दाखवतो. रोज बघतो, रोज हलवतो.

तू लिहावंस असं माझं म्हणणं नाय. फक्त काम पुढं राहिलंय ते सांगतो. टाकीवरचा सेफ्टी वॉल्व नवीन घे, जुना साफ करून लावू नको. चाकाचा पट्टा फार ताणू नको, मध्ये अंगठ्याने दाबला की बोटभर दबला पाहिजे. हे झालं की लाईट जोड. तेल पहिले दहा तास चालवून बदल.

भागोजी

०

दासगाव,
१२ मार्च

भागोजीकाका,

वॉल्व नवीन घेतला. पट्टा लावला. पुढचं लिहिते ते वाचायचं तर वाचा.

तुम्ही म्हणता भार खाली ठेव. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय काढून घेतलंत? तीन वर्षं मी स्वतःला शिव्या घातल्या, रोज घातल्या. पण त्यात एक गोष्ट माझी होती. शेवटच्या घडीला अब्बा माझं काम करत होते, त्यांच्या डोक्यात मी होते. माझ्यामुळे गेले, पण माझ्यासाठी गेले. तेवढ्यावर मी जगत होते. आता तुम्ही सांगता, त्यांच्या हातात पाना होता आणि डोक्यात मोटर. फाईल विसरूनच गेले असतील.

आणि मोटर. मी ती पाच तारखेला महाडला भरायला दिली आणि नऊ तारखेला घेऊन आले. नवीन तार, नवीन बेअरिंग, वरून रंगही मारून दिला. साडेतीन वर्षं गाळात पडलेली मोटर चार दिवसांत नवी झाली, काका. चार दिवस. अनिलदादांच्या रिक्षात ती मांडीवर घेऊन मी घरी आले, आणि सगळा रस्ता मला वाटत होतं की ती खाली सावित्रीत टाकून द्यावी.

रोजे चालू आहेत, अशात कुणाला वाईट बोलू नये. म्हणून थांबते. तुम्ही आता लिहू नका.

माहरुख

०

दासगाव,
५ एप्रिल

भागोजीकाका,
सलाम.

तुम्ही लिहिलं नाहीत. नको म्हटलं तर खरंच लिहिलं नाहीत.

वीस मार्चला तुम्ही आला होतात. चवदार तळ्यावर दरवर्षी येता तसे महाडला आला असाल, आणि मग दासगावची गाडी धरलीत. रस्त्याच्या पलीकडे स्टॉपवर पांढरी टोपी घालून उभे होतात, पाऊण तास तरी. मी शटरच्या आडून बघत होते. हाक मारून तुम्हाला ऐकू आली नसती, आणि मला मारायचीही नव्हती. तुम्ही परतीच्या गाडीत चढलात तेव्हा मी पाना खाली ठेवला आणि तशीच जमिनीवर बसून राहिले.

ईदच्या आदल्या दिवशी हवेचा पाइप वरून न्यायचा म्हणून शिडी लावून तुळईवर चढले. पुराची रेघ तुळईच्या वीतभर खाली संपते. वर जाळी, वटवाघळांची घाण, आणि कोपऱ्यात काळं काहीतरी तुळईला घट्ट बांधलेलं. ट्रकच्या ट्यूबचा तुकडा होता. दोन्ही तोंडं दुमडून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली, अब्बांची ती दुहेरी गाठ, जी सुटायला दात लागतात. मी दाताने सोडली. आत माझी फाईल. कोरडी. दहावीच्या निकालावर पाण्याचा ठिपका नाही.

मी शिडीवरच बसले होते, अम्मी खालून विचारत होती काय झालं, आणि मी फाईल ओढणीत गुंडाळत होते.

म्हणजे अब्बांनी आधी माझं काम केलं होतं, काका. मग तुमचं. आणि मग घरी यायचं राहून गेलं.

आपण दोघांनीही फोन केला आणि दोघांचंही त्यांनी ऐकलं. मी हे मनात कितीदा मांडून बघते. मी केला नसता तर, तुम्ही केला नसता तर. कुठूनही मांडलं तरी ते शेवटी दुकानातच असतात. अम्मीला फाईल दाखवली. चौथ्या बोल्टाचं, तुमच्या फोनचं सांगितलं नाही, सांगणारही नाही. ती तुम्हाला सांदणं पाठवायची म्हणतेय. तिला ते सुख राहू दे.

तुम्हाला माफ केलं का ते विचारू नका. मला माहीत नाही. एखाद्या दिवशी वाटतं केलं, दुसऱ्या दिवशी त्या बोल्टाचं गोल झालेलं डोकं आठवतं आणि वाटतं नाही. तो मी कापला, पण फेकला नाही.

कॉम्प्रेसर नव्या चौथऱ्यावर बसवलाय, खाली रबराचे तुकडे दिलेत. मोटर अब्बांच्या तीन बोल्टांवर कसली. परवा हमजाभाई समोर उभा असताना बटण दाबलं. धडधडला. काटा हळूहळू चढला, ठरल्या जागी आला तसं मशीन आपोआप बंद झालं. हमजाभाई टाकीवर हात ठेवून उभा राहिला, आणि मग अब्बांसारखा नाक पुसत बाहेर गेला. भंगारवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

चौथं भोक रिकामं आहे. आटे मी नव्याने पाडून घेतलेत. मोटर तिथे थोडी थरथरते. नवीन बोल्ट घरात आहे, पण माझ्याने तो कसवत नाही. तो तुमचा आहे. तुम्ही या.

आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही. टाकीवर हात ठेवला की कळेल.

माहरुख

०

कापडे,
१० एप्रिल

चि. माहरुख हिस,
सप्रेम जय भीम.

चांगूने आज लांबूनच पाकीट उंच धरून दाखवलं. मला वाटलं चेष्टा करतोय.

तुझं पत्र राजश्रीने वाचायला मागितलं, मी दिलं नाय. फाईलचं वाचून मी परड्यात जाऊन बसलो. मला ऐकू येत नाय, त्यामुळे आपण किती मोठ्याने रडतोय ते कळत नाय. शेजारची येसूबाई धावत आली, तेव्हा कळलं.

चौदा एप्रिल झाली की सोळाला बुधवारी सकाळच्या गाडीने येतो. घरातला बोल्ट राहू दे. मी आणतो. चार सुती, बरोबर आट्यांचा. वीस मार्चला तळ्यावरून निघून महाडच्या लेथवाल्याकडून करून घेतला होता. स्टॉपवर उभा होतो तेव्हा तो माझ्या खिशातच होता. रस्ता ओलांडवला नाय.

पण कसायचा तू. मी पाना धरणार नाय. मी टाकीवर हात ठेवून उभा राहीन तेवढं पुरे. माफीचं मी विचारणार नाय, तू पण सांगू नको.

मी यायच्या आधी एक काम करून ठेव. पुराची रेघ हाय ना भिंतीवर, तिच्या खाली लाल रंगाने मोठ्या अक्षरात लिही, गिऱ्हाईक हसलं तरी चालेल. असं लिही: पाणी आलं की पाना टाका आणि घरी जा. मोटर चार दिवसांत भरून मिळते.

त्या दिवशी फोनवर मी एवढंच बोलायला पाहिजे होतं.

तुझा,
भागोजीकाका